पलीकडे कोण

भेरली माडाच्या कडेचं काळं लाकूड.
तिळूमामाने ते दोन पावसाळे चुलीच्या धुरात टांगलं,
मगच धनुष्याला दोरी चढवली.
दोरी केवणीच्या सालीची. वळताना थुंकी लावायची, पाणी नाही.
का, ते त्याने सांगितलं नाही.
पातं मात्र खाणीवरल्या ट्रकच्या पाट्याचं,
विठू मेस्ताने कानशीने घासून
माडाच्या पातीएवढं अरुंद केलेलं.

एकदा पैज लागली.
माझा बाप, फोंडू वेलीप, पीकराखणीच्या बंदुकीचा परवानेदार.
अख्ख्या गावडोंगरीला तिचा आवाज ओळखीचा.
बांधावर रेतीचं पोतं उभं केलं.
गोळी आत गेली, आतच राहिली.
पोतं जरासं हललं, जेवून ढेकर दिलेल्या माणसासारखं.
मग मामाने दोरी कानाच्या पाळीपर्यंत ओढली.
आवाज सुपातून तांदूळ सांडावा एवढा.
बाण पलीकडे वीतभर बाहेर,
आणि मागून रेतीची बारीक धार, बराच वेळ.

बाप हसला. मामा नाही हसला.
"गोळी आपटते," म्हणाला, "हा कापत जातो.
कापणाऱ्याला थांबणं ठाऊक नसतं.
म्हणून आधी डुकराकडे बघू नये,
डुकराच्या पलीकडे बघावं. कुणाचा बैल, कुणाचं पोर."
आई तेव्हा नाचणी पाखडत होती.
ऐकत असेल असं वाटलं नाही.

मग निवडणूक आली.
बंदुका काणकोणच्या ठाण्यात जमा,
पावती बापाच्या खिशात,
आणि बाप मडगावच्या इस्पितळात, मामाच्या मुतखड्यापायी.
घरात आई, मी, आणि सुपारीची सात पोती,
ज्यांचा भाव त्या वर्षी वाटेवरच्या दगडालाही माहीत.

मध्यरात्री मागचं दार कुणी कोयत्याने उचकत होतं.
घाई नव्हती. फणस सोलावा तसं.
कुत्रा भुंकला नाही, हे पुढे लक्षात आलं.

बाईने शिवलं की बाण वाकडा जातो म्हणतात.
त्या रात्री म्हणायला कुणी नव्हतं.
दार कलंडलं. चांदणं आत आलं
आणि चांदण्याच्या पुढे माणूस.
पाच पावलांवर छाती,
रेतीच्या पोत्याहून पातळ.

आणि त्याच्या पलीकडे, परसात, मी.
पुढच्या दाराने लघवीला गेले होते, न सांगता,
घराला वळसा घालून आवाज बघायला आले होते.
सात वर्षांची, एका हातात परकराची नाडी,
त्याच्या पाठीच्या अगदी सरळ रेषेत.

तिने मला पाहिलं.
मला माहीत आहे, कारण पात्यावरचं चांदणं हललं,
मामाच्या हातात ते कधी हलत नसे.
ओढलेली दोरी धरून ठेवणं सोडण्याहून कठीण.
हे मी नंतर शिकले, स्वतः ओढली तेव्हा.
तिसऱ्या श्वासाला खांदा थरथरू लागतो,
पाचव्याला बोटं आपली राहत नाहीत.
ती कितव्या श्वासावर होती?

"बाजूला सर," ती म्हणाली.
कुणाला, ते सांगितलं नाही.
आम्ही दोघंही सरलो.
मी गोठ्याकडे, तो चुलीच्या लाकडांकडे,
आणि मध्ये काहीच उरलं नाही.
मग तिने बाण सोडला.

सकाळी पोपईच्या खोडाला दोन भोकं होती,
दोन्हींतून दूध गळत होतं.
बाण गोठ्याच्या कुडात, पिसापर्यंत रुतलेला.
आणि उंबऱ्यावर कोयता.
तसली शिंगाची मूठ गावात एकाच घरची.

आईने नाव घेतलं नाही,
बापाजवळही नाही, पंचांपुढेही नाही.
तिसऱ्या दिवशी कोयत्याला धार लावून घेतली
आणि माझ्या हाती त्याच्या घरी पाठवला.

त्याच्या बायकोने तो पदराआड घेतला.
बराच वेळ मुठीवर अंगठा फिरवत राहिली.
मग विचारलं, "आई बरी आहे ना?"
म्हटलं, बरी आहे.
उजवा खांदा तेवढा दुखतो.